सुरमई कोणाच्या हिशेबात? हिंदी महासागराचा करार आणि घाट चढून कोल्हापूरला येणारा मासा

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही, पण समुद्राचा मासा इथे घाट चढून येतो. रत्नागिरीचा माल आंबा घाटातून, कणकवलीकडचा फोंडा घाटातून, वैभववाडीकडचा गगनबावड्यावरून आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा आंबोलीमार्गे. बर्फात भरलेले क्रेट उतरतात आणि त्यांत पापलेटाच्या बरोबरीने मान असतो तो सुरमईला, मालवणी माणसाच्या इसवणाला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या गावात मालवणी थाळी देणाऱ्या हॉटेलांचा धंदा बराचसा हिच्याच कापांवर चालतो.

सुरमई महाग का आणि काप एवढे लहान का, असं गिऱ्हाईक विचारतं. विक्रेता वादळ, डिझेल आणि पावसाळी बंदी ही कारणं सांगतो. ती खरीच आहेत. पण आणखी एक कारण कोकण किनाऱ्याच्याही पलीकडचं आहे. सुरमई ही हिंदी महासागर टूना आयोग या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या अखत्यारीतली मासळी आहे. त्या आयोगाच्या शास्त्रज्ञांनी २०२० च्या मूल्यांकनात तिला लाल रकान्यात टाकलं. म्हणजे साठा खालावलेला आहे आणि त्याच्यावरची मासेमारीही त्याला झेपेल त्याहून जास्त आहे. तरीही तिच्या पकडीवर बंधनकारक मर्यादा नाही. याच आयोगाने यलोफिन टूनावर मात्र मर्यादा घातली. यादी एक, टेबल एक, मग एका माशाला नियम लागू होतो आणि दुसऱ्याला का नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मासा कोणता

बाजारात सुरमई म्हणून विकले जाणारे मासे मुख्यतः दोन जातींचे असतात. मोठ्या सुरमईच्या अंगावर बारीक, नागमोडी, उभ्या रेघा असतात आणि कुशीवरची रेषा शेपटीकडे जाताना एकदम खाली वळते. दुसरी जात आकाराने लहान राहते. तिच्या अंगावर रेघांऐवजी ठिपक्यांच्या ओळी असतात आणि कुशीवरची रेषा हळूहळू उतरते. काप केल्यावर हा फरक ओळखता येत नाही, आणि बिलावर दोघींचं नाव एकच असतं. या गोष्टीचं महत्त्व पुढे कळेल.

मोठी सुरमई वेगाने वाढते. पहिल्यांदा अंडी देण्याजोगी होते तेव्हा तिची लांबी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन साधारण अडीच किलो असतं. ही लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या फाट्याच्या खाचेपर्यंत मोजतात, शेपटीच्या टोकापर्यंत नाही. त्याआधी पकडलेला मासा साठ्यात एकदाही भर न घालता गेलेला असतो. हा मासा पूर्व आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत किनाऱ्यालगतच्या पाण्यात मिळतो. इंडोनेशिया, भारत आणि इराण हे सर्वांत जास्त पकडणारे देश, त्यांच्यामागे पाकिस्तान आणि ओमान. निम्म्याहून अधिक पकड गिलनेटची, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यांची. उरलेली गळ, ट्रॉल (नौकेमागे ओढत नेलेलं जाळं) आणि पर्ससीनवर (थव्याभोवती घेर टाकून खालून आवळलेलं जाळं) मिळते.

आयोग कसा चालतो

१९८२ च्या समुद्री कायदा कराराने किनारी देशांना २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासळीवर हक्क दिला. भारताने आपला हा अनन्य आर्थिक क्षेत्राचा पट्टा त्याआधीच, १९७६ च्या कायद्यानुसार जानेवारी १९७७ पासून जाहीर केला होता. पण मासे मैल मोजून पोहत नाहीत. म्हणून त्याच कराराच्या ६३ व्या कलमात एकापेक्षा जास्त देशांच्या पट्ट्यांत फिरणाऱ्या साठ्यांसाठी, आणि ६४ व्या कलमात टूनासारख्या लांब पल्ल्याच्या माशांसाठी, देशांनी आपसांत सहकार्य करावं असं बंधन घातलं. हे सहकार्य प्रत्यक्षात आणण्यासाठी महासागरागणिक आयोग नेमले गेले.

आपल्या भागात तो हिंदी महासागर टूना आयोग. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली १९९३ मध्ये त्याचा करार मंजूर झाला, १९९६ मध्ये अमलात आला. मुख्यालय सेशेल्समधल्या व्हिक्टोरिया बंदरात. भारत १९९५ पासून सदस्य आहे, पाकिस्तान, इराण, ओमान, मालदीव, श्रीलंका, इंडोनेशियाही आहेत. आणि दूरवरून येऊन इथे मासेमारी करणारेही आहेत: युरोपीय संघ, जपान, चीन, दक्षिण कोरिया. यादीत १६ जाती आहेत. यलोफिन, स्किपजॅक, बिगआय, अल्बाकोर हे मोठे टूना, मार्लिन, सेलफिश, तलवारमासा आणि किनाऱ्यालगतचे लहान टूना, ज्यांना कोकणात सरसकट कुपा म्हणतात. वर सांगितलेल्या दोन्ही सुरमई याच यादीत आहेत.

वर्षाचं चक्र ठरलेलं आहे. प्रत्येक देशाने मागच्या वर्षीची पकड, मासेमारीला लागलेले श्रम आणि माशांच्या लांबीचे नमुने ३० जूनपर्यंत पाठवायचे. लाँगलाइन नौकांचे, म्हणजे लांबच लांब दोरीला अनेक गळ लावून मासे धरणाऱ्यांचे, अंतिम आकडे वर्षअखेरीपर्यंत. मग जातवार कार्यगट बसतात, वर्षाच्या शेवटी वैज्ञानिक समिती शिफारस करते आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुमारास आयोगाची सभा ठराव करते. ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. एकदा झाला की तो सर्वांवर बंधनकारक असतो.

सर्वांवर, पण एका अपवादासह. ठराव कळवल्यापासून १२० दिवसांत कोणताही सदस्य हरकत घेऊ शकतो. हरकत घेतली की तो ठराव त्या देशाला लागू होत नाही. आणि एक-तृतीयांशाहून अधिक सदस्यांनी हरकत घेतली तर तो इतरांवरही बंधनकारक राहत नाही. सार्वभौम देशांना एका टेबलावर आणायचं तर ही दारं उघडी ठेवावीच लागतात. ती ठेवली नसती तर बरेच देश आत आलेच नसते, असं आम्हाला वाटतं. पण त्याची किंमत काय पडते ते यलोफिनने दाखवलं.

यलोफिनचा अनुभव

हिंदी महासागरातून दर वर्षी सुमारे चार लाख टन यलोफिन निघतो. २०१५ च्या मूल्यांकनाने तो लाल रकान्यात गेला आणि पुढच्याच वर्षी ठराव १६/०१ झाला. त्याची रचना अशी होती: २०१४ ची पकड पाया धरायची. ज्या देशाच्या पर्ससीन नौकांनी त्या वर्षी ५,००० टनांहून जास्त यलोफिन काढला, त्याने पर्ससीनची पकड १५ टक्के कमी करायची. गिलनेटने २,००० टनांहून जास्त काढणाऱ्याने १० टक्के, लाँगलाइनने ५,००० टनांहून जास्त काढणाऱ्याने १० टक्के, इतर साधनांनी ५,००० टनांहून जास्त असेल तर ५ टक्के.

कागदावर हे न्याय्य दिसतं: मोठ्याने जास्त सोडावं, लहानाला मोकळीक असावी. प्रत्यक्षात त्यानंतरची काही वर्षं एकूण पकड कमी होण्याऐवजी वाढली. याची तीन कारणं आम्हाला दिसतात आणि सुरमईच्या बाबतीत तिन्ही महत्त्वाची आहेत.

पहिलं म्हणजे उंबरठा. उंबरठ्याच्या खाली पकड असलेल्या ताफ्याला मर्यादाच नव्हती. असे ताफे वाढत गेले आणि मोठ्यांनी सोडलेली जागा भरून निघाली. दुसरं, पाया म्हणून एकच वर्ष धरलं. ज्या देशाचं ते वर्ष चांगलं गेलं त्याला कपातीनंतरही भरपूर उरलं. ज्याचं वाईट गेलं तो त्या आकड्याला बांधला गेला. तिसरं, गिलनेटचे आकडेच कच्चे होते. पर्ससीन नौका व्हिक्टोरियासारख्या मोजक्या बंदरांत माल उतरवतात, त्यांच्यावर निरीक्षक असतात, डब्बाबंद कारखान्यांच्या पावत्या असतात. गिलनेट नौका शेकडो किनारी धक्क्यांवर उतरतात. दहा टक्के कपात झाली की नाही हे तपासायला आधी शंभर टक्के किती होते ते माहीत असावं लागतं.

पुढच्या वर्षांत ठराव बदलत गेले, १७/०१, १८/०१, १९/०१ आणि मग २१/०१. प्रत्येक वेळी कपात कडक झाली आणि हरकतीही आल्या. २१/०१ ला भारत, इंडोनेशिया, इराण, ओमान, मादागास्कर आणि सोमालिया या सहा देशांनी हरकत घेतली. भारताने १९/०१ वरही हरकत घेतलेली असल्याने आपल्याला त्याच्याही आधीचा १८/०१ लागू राहिला. म्हणजे एकाच माशासाठी एकाच समुद्रात एकाच वेळी तीन वेगवेगळे ठराव चालू होते.

हरकती घेणारे सगळे किनारी, विकसनशील देश आहेत, हे लक्षात घ्यायला हवं. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या दारातला साठा दूरवरून आलेल्या मोठ्या नौकांनी १९८० च्या दशकापासून काढला, आणि आता आमचे मच्छीमार खोल समुद्रात जाऊ लागले तेव्हा तुम्ही जुन्या पकडीच्या प्रमाणात वाटा ठरवता. कोल्हापूरकरांना हा वाद ओळखीचा वाटेल. कृष्णा पाणीवाटप लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, ७५ टक्के विश्वासार्हतेचं २,०६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० असं वाटलं, आणि आधीपासून चालू असलेल्या वापराला संरक्षण दिलं. ज्याने आधी धरणं-कालवे बांधले त्याचा हक्क पक्का, जो उशिरा उभा राहिला त्याला उरलेल्यातून. टूना आयोगात वाटपाचे निकष ठरवणारी समिती २०११ पासून याच मुद्द्यावर बसते आहे: जुनी पकड मोजायची की किनारपट्टी, लोकसंख्या आणि मच्छीमारांचं अवलंबन? आणि एखाद्या परकी नौकेने किनारी देशाच्या २०० मैलांत काढलेला मासा कोणाच्या खात्यावर लिहायचा, नौकेच्या की किनाऱ्याच्या? कृष्णेबाबत निदान लवादाचा निवाडा लागू होतो. समुद्रात लवाद नाही, फक्त सहमती आहे.

हरकतीचं दार श्रीमंतांनीही वापरलं. २०२३ च्या फेब्रुवारीत केनियातल्या मोंबासाच्या विशेष सभेत फॅडबद्दल ठराव झाला. फॅड म्हणजे उपग्रह-बोया लावून सोडलेला तरंगता तराफा. त्याच्या सावलीला मासे जमतात, पण त्यांत यलोफिन आणि बिगआयची पिल्लं मोठ्या संख्येने असतात. दर वर्षी ७२ दिवस अशा फॅडवरची मासेमारी बंद ठेवायची, असा तो ठराव. युरोपीय संघासह एक-तृतीयांशाहून अधिक सदस्यांनी हरकत घेतली आणि तो कोणालाच लागू झाला नाही.

तरी यंत्रणा वाया गेली असं म्हणता येत नाही. बिगआयसाठी आयोगाने एक सूत्र आधीच ठरवून घेतलं, साठ्याची स्थिती अमुक असेल तर पकड तमुक, आणि त्यातून २०२४ व २०२५ साठी ८०,५८३ टन हा आकडा निघाला. स्किपजॅकसाठीही मालदीवच्या पुढाकाराने २०१६ मध्ये असंच सूत्र मंजूर झालं. तिथेही खाचखळगे आहेत: २०१८ ते २०२० साठी मर्यादा ४,७०,०२९ टन निघाली आणि पकड तिच्या बरीच वर गेली, कारण एकूण आकडा ठरला होता पण तो कोणी किती काढायचा हे ठरलं नव्हतं. यलोफिनचं २०२४ चं मूल्यांकन साठ्याला पुन्हा हिरव्या रकान्यात, म्हणजे सुस्थितीत, दाखवतं. त्यात सुधारलेली माहिती आणि गृहीतकं वापरलेली असल्यामुळे सगळं श्रेय ठरावांना देणं बरोबर होणार नाही. पण नऊ वर्षं दर सभेत या माशाचा हिशेब मागितला गेला, हे खरं. सुरमईचा तसा कधी मागितला गेला नाही.

सुरमई कुठे अडली

किनारी टूना आणि सुरमईसाठीचा कार्यगट आयोगाने पहिल्यांदा बसवला तो २०११ मध्ये, चेन्नईत. आयोग अमलात आल्यावर तब्बल पंधरा वर्षांनी. तोवर सगळं लक्ष डब्बाबंद कारखान्यांना आणि साशिमीच्या (कच्च्या माशाच्या जपानी पदार्थाच्या) बाजाराला लागणाऱ्या माशांवर होतं. पैसा तिथे होता, म्हणून मोजमापही तिथे झालं.

२०२० मध्ये सुरमईचं मूल्यांकन झालं ते फक्त पकडीच्या आकड्यांवरून. मोठ्या टूनासाठी शास्त्रज्ञांकडे प्रत्येक हजार गळांमागे किती मासे लागले याची दशकांची नोंद असते, लांबीचे लाखो नमुने असतात, खुणा लावून सोडलेल्या माशांचे प्रयोग असतात. सुरमईसाठी यातलं फारच थोडं. मग पद्धत अशी वापरावी लागते, की इतक्या वर्षांत इतकी पकड निघाली आणि मासा साधारण इतक्या वेगाने वाढतो असं धरलं, तर आज साठा किती उरला असेल. या पद्धतीने कायम काढता येण्याजोगी पकड सुमारे १,५७,००० टन निघाली. पण पकडीचा आकडाच चुकला असेल तर पुढचं सगळं गणित चुकतं. आणि इथले बरेच आकडे देशांनी मोजलेले नसून आयोगाच्या सचिवालयाने अंदाजाने भरलेले असतात, किंवा दोन-तीन जाती एकत्र करून पाठवलेल्या आकड्यांतून सचिवालयाने वेगळे काढलेले असतात.

शिवाय अख्ख्या हिंदी महासागरात सुरमईचा एकच साठा आहे असं मूल्यांकनासाठी धरलं जातं. ओमान-इराणकडचा साठा आणि बंगालच्या उपसागरातला साठा वेगळे असतील, तर सरासरीत एकाची दुरवस्था झाकली जाऊ शकते.

दुसरी अडचण कायद्याची. यलोफिनची मोठी पकड खुल्या समुद्रात किंवा परवाना घेऊन आलेल्या परकी नौकांची असते. सुरमई बहुतांश देशांच्या आपापल्या पट्ट्यातच निघते, आणि तिथे किनारी देशाचा सार्वभौम हक्क आहे. आयोगाच्या स्थापनेच्या करारातलं १६ वं कलमही तो हक्क अबाधित ठेवतं. त्यामुळे आमच्या घरातल्या मासेमारीवर बाहेरून आकडा नको, असं देश म्हणतात. समुद्री कायद्याच्या लांब पल्ल्याच्या माशांच्या जोड-यादीत सुरमईचं नाव नाही. ती येते फक्त टूना आयोगाच्या यादीतून. म्हणून ६३ वं कलम, शेजाऱ्यांनी आपसांत मार्ग काढावा हे सांगणारं, हाच तिच्यासाठी खरा आधार आहे.

शेजाऱ्यांचे नियम एकमेकांशी किती जुळतात ते पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, आणि ती सगळ्याच मासळीसाठी असते. ओमानमध्ये बंदी खास सुरमईसाठी आहे, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर, आणि तिथे ६५ सेंटिमीटरपेक्षा लहान सुरमई धरायला मनाई आहे. अरबी समुद्राच्या एका काठाला जाळी पाण्यात पडतात त्यानंतर दोनच आठवड्यांनी दुसऱ्या काठाची बाहेर येतात. मासे इकडून तिकडे जात असतील तर कोणत्याच बंदीचा पूर्ण फायदा होत नाही. जात नसतील तर दोन्ही बरोबर आहेत. हे ठरवायला खुणा लावण्याचे आणि जनुकीय तपासणीचे प्रयोग दोन्ही काठांवर एकाच पद्धतीने व्हावे लागतील.

जेटीवरचा आकडा व्हिक्टोरियापर्यंत

मिरकरवाडा, हर्णे किंवा मालवणला उतरलेल्या सुरमईची संख्या आयोगाकडे कशी जाते? प्रत्येक नौकेचं वजन कोणी घेत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था नमुना-पाहणी करते. किनाऱ्याचे विभाग, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे भाग, त्यातून लॉटरीने निवडलेली केंद्रं आणि दिवस. निवडलेल्या दिवशी पाहणारा दुपारी बारा ते संध्याकाळी सहा धक्क्यावर थांबतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा, आणि मधल्या रात्रीची माहिती विचारून घेतो. पंधरापर्यंत नौका असतील तर सगळ्यांची नोंद, त्याहून जास्त असतील तर ठरावीक अंतराने एकेक निवडून. त्यावरून महिन्याची पकड काढतात. आयोगाला आकडे पाठवण्यात मुंबईच्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचा मोठा भाग असतो.

पद्धत चांगली आहे, जगात नावाजलेली आहे. पण ती एकूण मासळीचा अंदाज काढण्यासाठी बेतलेली आहे. सुरमईसारखी थोड्या नौकांवर, काही दिवसांतच भरपूर मिळणारी मासळी नमुन्यात निसटू शकते. रात्री उतरून थेट टेम्पोत चढलेला माल विचारूनच कळतो. आणि आयोगाला हवी असते प्रत्येक टनामागे निदान एका माशाची लांबी, आणि पकड अक्षांश-रेखांशाच्या चौकोनांत मांडलेली. नौका कुठून मासा घेऊन आली, हे तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, सांगेल तेवढंच. २४ मीटरपेक्षा लांब नौकांवर निरीक्षकांनी निदान ५ टक्के फेऱ्या पाहाव्यात असा आयोगाचा नियम आहे. कोकणातली गिलनेट नौका सहसा त्याहून बरीच लहान असते. लहान नौकांसाठी धक्क्यावरच नमुने घ्यायचे असतात.

अलीकडे काही गोष्टी बदलत आहेत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून एक लाख नौकांना उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर देण्याचं काम चालू आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम काढले आणि यांत्रिक नौकांना ऑनलाइन प्रवेश-पास घ्यायला सांगितलं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान लांबी ठरवली. हे सगळं उपयोगी आहे, फक्त ट्रान्सपॉन्डर नौका कुठे होती ते सांगतो, जाळ्यात काय होतं ते सांगत नाही. त्यासाठी धक्क्यावर माणूस लागतो.

सुरमईचा करार करायचा तर

सगळा हिंदी महासागर एकदम नको. भारत, पाकिस्तान, इराण आणि ओमान हे चार देश अरबी समुद्रातल्या सुरमईसाठी पुरेसे आहेत, आणि चौघेही टूना आयोगात आधीपासून बसतात. भारत-पाकिस्तान द्विपक्षीय बोलणी अडतात तेव्हा बहुपक्षीय टेबल हीच एक जागा उरते, हे लक्षात घेतलं तर या आयोगाचं मोल जास्त कळेल.

पहिली दोन-तीन वर्षं फक्त मोजणीसाठी द्यावीत. दोन्ही जाती वेगळ्या लिहायच्या, प्रत्येक टनामागे एक मासा मोजायचा, साधन कोणतं ते नोंदवायचं. हे नवीन बंधन नाही, आयोगाचा ठराव १५/०२ हेच मागतो. आकडे न देणाऱ्या देशाला ती जात ठेवून घ्यायलाच मनाई करण्याची तरतूदही ठराव १८/०७ मध्ये आहे. ती सुरमईला गंभीरपणे लावली तर मंत्रालयं आपोआप माणसं नेमतील.

मर्यादा ठरवताना यलोफिनच्या चुका टाळायच्या. पाया म्हणून एक वर्ष नको, पाच वर्षांची सरासरी हवी. टनांचा उंबरठा नको, कारण सुरमई पकडणारे जवळजवळ सगळेच लहान आहेत आणि उंबरठा ठेवला तर कोणालाच काही लागू होणार नाही. त्याऐवजी देशागणिक एकूण आकडा आणि तो देशाने आपल्या मच्छीमारांत कसा वाटायचा ही त्या देशाची मुखत्यारी.

किमान लांबीचा नियम सोपा वाटतो, पण गिलनेटमध्ये अडकलेली सुरमई वर येईपर्यंत मेलेली असते. ती परत पाण्यात टाकून काही साधत नाही, आणि खलाशी ती टाकणारही नाही. लांबी जाळ्याच्या आसावर, म्हणजे भोकाच्या मापावर, ठरवावी लागते: आस मोठा केला की लहान मासा आरपार निघतो. म्हणून ६५ किंवा ७० सेंटिमीटरचा आकडा घेऊन तो जाळ्याच्या आसात उतरवायचा आणि तपासणी समुद्रात नव्हे, जाळी विणणाऱ्या आणि विकणाऱ्या दुकानांत करायची. जुनी जाळी बदलायचा खर्च मच्छीमारावर टाकला तर नियम पहिल्याच हंगामात मोडेल. अदलाबदलीसाठी अनुदान आधी, बंदी नंतर.

जाळ्याच्या लांबीबाबत नियम आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९१ मध्ये खुल्या समुद्रातल्या मोठ्या वाहत्या जाळ्यांवर बंदी मागितली, आणि टूना आयोगाने २०१७ च्या ठरावाने अडीच किलोमीटरपेक्षा लांब वाहती गिलनेट १ जानेवारी २०२२ पासून आपल्या संपूर्ण क्षेत्रात, देशांच्या २०० मैलांतही, बंद केली. म्हणजे देश आपल्या पट्ट्यात बाहेरचा नियम कधीच मानत नाहीत असं नाही. हा दाखला सुरमईच्या चर्चेत पुढे ठेवण्यासारखा आहे.

कोल्हापूरच्या बाजूने

कोल्हापुरातल्या ठोक विक्रेत्याकडे एक गोष्ट आहे जी धक्क्यावरच्या पाहणाऱ्याकडे नसते: अनेक बंदरांचा माल एका छताखाली, वर्षभर. त्याने वहीत सुरमईसाठी पाच रकाने ठेवले तरी पुरे: तारीख, कोणत्या बंदराचा माल, रेघांची की ठिपक्यांची, किती नग, किती किलो. किलोला नगांनी भागलं की सरासरी वजन निघतं. रेघांच्या सुरमईची सरासरी महिनोन्‌महिने अडीच किलोच्या खाली राहिली तर बाजारात येणारा बहुतेक मासा अंडी देण्याआधीचा आहे. एखादा आठवडा खाली गेली म्हणून निष्कर्ष काढू नये, कारण एका नौकेला लहान माशांचा थवा लागला तर सरासरी घसरते.

यात चुका होतात त्या ठरावीक जागी. डोकं आणि शेपूट काढून आलेला मासा मोजून उपयोग नाही, तो वेगळा लिहावा. बर्फासकट वजन घेऊ नये. जून-जुलैत इथे येणारी सुरमई शीतगृहातली किंवा पूर्व किनाऱ्याचीही असू शकते, कारण तिथली बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. ती कोकणच्या नोंदीत मिसळली तर वर्षाचा आलेख चुकीचा दिसेल. घाटात दोन बंदरांचे क्रेट एका टेम्पोत चढतात, तेव्हा क्रेटवर बंदराचं नाव खडूने लिहून घ्यायची सवय वाहनवाल्यांना लावावी लागते.

हॉटेलवाल्याने एवढंच करावं: एक किलोच्या आतली रेघांची सुरमई अख्खी तळून ‘बेबी सुरमई’ म्हणून विकू नये. मोठ्या माशाचे काप महाग पडतात हे मान्य. ते दिवस बांगड्याचे ठेवावेत. बांगडा टूना आयोगाच्या यादीत नाही, लवकर वाढतो आणि लहान वयात अंडी देतो. त्याचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते राज्याच्या पातळीवर सुटू शकतात.

अशा वह्या कोल्हापूरबरोबर सांगली, बेळगाव, पुण्यात ठेवल्या गेल्या आणि मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत संशोधन संस्थेकडे गेल्या, तर लांबीच्या नमुन्यांना वजनाची जोड मिळेल. त्याने धक्क्यावरची मोजणी बदलली जाणार नाही, पण ती पडताळून पाहता येईल. आयोगाच्या सभेत भारताने आमची पकड लहान मच्छीमारांची आहे, आम्हाला वाढायला जागा हवी असं म्हणायचं, तर सोबत जातवार, साधनवार, लांबीवार कागद लागतो. तो नसेल तर सचिवालयाने अंदाजाने भरलेला आकडाच भारताचा म्हणून वाचला जातो, आणि उद्या सुरमईचे वाटे पडले तर पायाही तोच धरला जाईल. मागच्या वर्षीचे आकडे पाठवायची मुदत ३० जून आहे. त्या दिवसांत कोकणातल्या यांत्रिक नौका बंदीमुळे किनाऱ्यावरच असतात, तांडेल बंदरात सापडतात आणि वह्या तपासायला वेळ असतो.